आर्द्रा-पुनर्वसूच्या वाऱ्यात बागायती रानाची माती उडते : आच्छादन पीक कोणतं धरावं?

समस्या अशी आहे. रान बागायती, पाणी हाताशी, खतमाती भरपूर घातलेली. तरी दरवर्षी मृग संपून आर्द्रा (२१-२२ जून) लागली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि आठ-दहा दिवसांत वरची माती पूर्वेच्या बांधाला जाऊन बसते. ठिबकच्या नळ्या एका बाजूला उघड्या पडतात, दुसऱ्या बाजूला गाडल्या जातात. मल्चिंग पेपरच्या कडेची माती निघून पेपर फडफडायला लागतो. नुकती लावलेली मिरची-टोमॅटोची रोपं खोडाशीच वाळतात. एप्रिलमध्ये ताग करून गाडला तरी पुढच्या आषाढात तेच.

मी आटपाडीकडचा. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, सांगोला या सांगली-सातारा-सोलापूरच्या सगळ्या पट्ट्यात हे दुखणं आहे. सह्याद्रीवर पाऊस पडून जातो आणि आमच्या वाट्याला नुसता वारा येतो. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या जोरावर. जून ते ऑगस्ट हा वारा चालतो, आणि आमचा भरवशाचा पाऊस येतो सप्टेंबरात. म्हणजे मधले दोन-अडीच महिने वर वारा आणि खाली कोरडी माती, अशी गाठ पडते.

आमच्या आज्यांच्या काळात हीच रानं कोरडवाहू होती. मृगाचं चार थेंब पाणी पडलं की बाजरी, त्यात हुलगा-मटकी पेरायची. पीक येवो न येवो, रान झाकलेलं असायचं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, कांदा आला, भाजीपाला आला, डाळिंब वाढलं आणि त्याबरोबर रान लोण्यासारखं मऊ करून ठेवायची सवयही आली. कांदा निघाला की रोटाव्हेटर, लावणीआधी पुन्हा रोटाव्हेटर. वाऱ्याला उचलायला सोपी अशी माती आपणच तयार करून ठेवतोय.

आधी खात्री करा : नुकसान वाऱ्याचंच आहे का?

तीन वर्षांपूर्वी माझी एक एकर मिरची अशीच बसली. पानांच्या कडा फाटलेल्या, करपलेल्या, शेंडे वळलेले. दुकानदाराने थ्रिप्स (फुलकिडे) सांगितलं, चुरडा-मुरडा सांगितला, औषध दिलं. दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. एके दिवशी सहज एक रोप उपटून हातात घेतलं आणि फिरवून पाहिलं. खोडाची पूर्वेकडची बाजू हिरवीगार होती. पश्चिमेकडची, जमिनीपासून दोन बोटांपर्यंत, कानस घासावी तशी सोललेली, तपकिरी, आतला लाकडी भाग दिसत होता. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सगळ्यांची तीच बाजू. किडीला पूर्व-पश्चिम कळत नाही. हे काम उडत्या वाळूचं होतं.

तेव्हा पहिली परीक्षा हीच : रोप हातात घेऊन चारी बाजूंनी बघा. इजा एकाच दिशेला असेल आणि रानाच्या पूर्व टोकाला जास्त असेल (वाळू पळायला तिथपर्यंत लांब मैदान मिळालेलं असतं), तर औषधावर पैसे घालवू नका.

दुसरी परीक्षा डब्याची. डालड्याचा किंवा बिस्किटाचा रिकामा डबा तोंड जमिनीच्या पातळीला येईल असा पूर्व बांधाजवळ पुरून ठेवा, आणि एक रानाच्या पश्चिम टोकाला. वाऱ्याच्या दोन दिवसांनी दोन्ही काढून बघा. पूर्वेचा डबा भरलेला आणि पश्चिमेचा जवळजवळ रिकामा निघाला, तर माती तुमच्याच रानातून निघतेय. दोन्ही भरले असतील, तर शेजारच्या पडीक रानातून येतेय आणि तुमचा बंदोबस्त पश्चिम बांधापासून सुरू व्हायला हवा.

तिसरी परीक्षा चाळणीची. वरची दोन बोटं कोरडी माती ओंजळभर घ्या आणि घरातल्या रव्याच्या चाळणीवर हलक्या हाताने हलवा, चोळू नका. अंदाजे एक मिलिमीटरपेक्षा मोठा खडा-ढेकूळ वारा सहसा उडवू शकत नाही. अर्ध्याहून जास्त माती खाली आली तर ते रान धोक्यात आहे. आमच्या चुनखडीच्या रानात ढेकूळ दिसायला मोठं असतं, पण दोन बोटांत दाबलं की भुगा होतो. त्यावर विश्वास ठेवू नये.

माती उडते कशी, हे समजलं तरच पीक निवडता येतं

धुळीचा लोट दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की वारा थेट धूळ उचलतो. तसं नाही. सुरुवात रव्याएवढ्या कणांपासून होते, म्हणजे साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे. जमिनीलगत वाऱ्याचा वेग ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या पुढे गेला की हे कण उड्या मारायला लागतात. एक कण उडतो, पुढे जाऊन आपटतो, आपटताना आणखी चार कण उडवतो आणि खालची बारीक पोयटा माती मोकळी करतो. ती मोकळी झालेली धूळ आभाळात जाते आणि परत येत नाही. उड्या मारणारे कण बांधाला अडतात. निघून जातो तो पोयटा, शेणखताचा बारीक चुरा आणि त्याला धरून बसलेलं खत.

इथे एक गोष्ट मनाला फार लागते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून कितीतरी जणांनी तलावातला गाळ माळरानावर टाकला. डंपरची, जेसीबीची बिलं भरली, उन्हातान्हात गाळ पसरला. हा गाळ वाळून रोटाव्हेटरखाली गेला की अगदी पीठ होतो, आणि आर्द्राच्या वाऱ्यात सगळ्यात आधी तोच उडतो. खाली राहतो मूळचा मुरूम. ज्यांनी गाळ टाकलाय त्यांनी आच्छादनाचा विचार इतरांपेक्षा आधी करायला हवा. गाळ टाकायच्या बजेटमध्येच आच्छादन पिकाचं बियाणं धरा.

तर थांबवायच्या गोष्टी दोन : जमिनीलगतचा वाऱ्याचा वेग, आणि कणाची उडी. उभं धसकट (पीक कापल्यावर रानात उरलेले बुडखे) दोन्ही थांबवतं. जमिनीवर आडवा पडलेला पालापाचोळा उडी थांबवतो, वेग फारसा नाही. जमिनीत गाडलेलं पीक यातलं काहीच करत नाही. आच्छादन पिकाची सगळी निवड या एका हिशेबावर करावी : वारा सुटेल त्या दिवशी जमिनीच्या वर काय उभं असेल?

“ताग केला होता, तरी उडाली”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि मी स्वतः हीच चूक केलीय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताग पेरला. एकरी वीस-पंचवीस किलो बी, पाणी वेळेवर, पीक कमरेएवढं सुंदर आलं. मेच्या शेवटी फुलावर असताना रोटाव्हेटर घालून गाडला. गल्लीतल्या सगळ्यांनी रान बघून शाबासकी दिली. तीन आठवड्यांनी वारा सुटला तेव्हा वर होती नुसती भुसभुशीत, कोरडी, काळसर माती. सगळ्यांच्या आधी माझंच रान उडायला लागलं.

तागाचा यात दोष नाही. नत्रासाठी, जमिनीत सेंद्रिय पदार्थ जाण्यासाठी, सूत्रकृमी कमी करण्यासाठी ताग उत्तमच. पण हिरवळीचं खत आणि वाऱ्याचं आच्छादन या दोन वेगळ्या गरजा आहेत. हिरवळीच्या खतासाठी कोवळं, रसाळ, लवकर कुजणारं पीक लागतं आणि ते गाडायचं असतं. वाऱ्यासाठी जरड, ताठ, सावकाश कुजणारं पीक लागतं आणि ते वर ठेवायचं असतं. आपण पहिल्याच्या कृतीने दुसऱ्याचं फळ मागतो.

तागच करायचा असेल तर तो गाडू नका. साठ-सत्तर दिवसांचा होऊ द्या, खोड जून होईल. मग गुडघ्याच्या खाली कापून वरचा पाला तिथेच टाका. तागाचं जुनाट खोड दोन महिने सहज उभं राहतं. त्यासाठी पेरणी एप्रिलच्या सुरुवातीलाच व्हायला हवी आणि तेवढं पाणी हवं.

मग कोणतं पीक?

माझा कौल बाजरीला. अशा हलक्या, चुनखडीच्या, उष्ण रानात तिच्याइतकं सोयीचं दुसरं पीक मला सापडलं नाही. मेच्या उन्हात उगवते, कमी पाण्यावर तग धरते, पंचेचाळीस दिवसांत कंबरेला लागते. तंतुमुळांचं जाळं वरच्या वीतभर मातीत असतं, नेमकी जी माती उडते तीच बाजरी धरून ठेवते. कापल्यावरही धसकट ताठ राहतं, आणि वरचा हिरवा भाग दावणीला जातो. जनावरं असलेल्या घराला ही शेवटची गोष्ट मोठी आहे. छावणीत जनावरं बांधायची वेळ ज्या तालुक्यांनी पाहिलीय, तिथे ‘चारा नको, माती झाका’ असं सांगून कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

ज्वारीचं, म्हणजे कडवळाचं धसकट बाजरीपेक्षाही मजबूत. पण कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेल्या पोंग्यांत, सायनाइडचं विष तयार होतं. जूनमध्ये कोणाची तरी शेळी-मेंढी रानात शिरणारच. माझ्या डोळ्यांदेखत कोणाचं जनावर मरावं हे मला सोसणार नाही, म्हणून मी उघड्या रानात कडवळ करत नाही. बाजरीत हे विष नसतं.

मक्याचं बी महाग, धसकट जाड पण विरळ, आणि २०१८ पासून लष्करी अळीचा घोर. पट्ट्यासाठी ठीक, सगळ्या रानासाठी नको.

मटकी आणि हुलगा जमिनीवर चटईसारखे पसरतात, डाळिंबाच्या दोन ओळींत शोभतात. पण मृगाला पेरलेली मटकी रान झाकायला जुलैचा मध्य उजाडतो, तोवर आर्द्रा आणि अर्धा तरणा पाऊस (पुनर्वसू) वाऱ्यातच गेलेला असतो. शिवाय वाळली की पानं गळतात आणि तीच वाऱ्यावर जातात. बाजरीत एकरी किलो-दीड किलो मिसळायला मात्र छान.

चवळीबद्दल इशारा. पुढचं पीक टोमॅटो, मिरची, वांगं असेल किंवा बागेत डाळिंब असेल आणि मुळांवर गाठी दिसत असतील, तर चवळी करू नका. गाठी करणारी सूत्रकृमी चवळीवरही पोसते. अशा रानात बाजरी-ताग मिश्रण बरं. धैंचा चोपण, क्षारपड रानासाठी ठेवा. नदीकाठच्या पाणथळ पट्ट्यात त्याला तोड नाही, आमच्या माळाला तो लागत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त आच्छादन म्हणजे आधीच उभं असलेलं धसकट. आमच्याकडे शाळू (रब्बी ज्वारी) मुळासकट उपटायची पद्धत आहे. उपटल्यावर रान मोकळं होतं, नांगराला अडचण नको, पायात धस नको, ही कारणं मला कळतात. पण जे रान जूनपर्यंत रिकामं राहणार आहे तिथे शाळू विळ्याने वीतभर वर कापा. बुडख्याचा तो जाड तुकडा बैल तरी कुठे खातो? गव्हाचं काड पेटवू नका. कोकणच्या बाजूला नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत भाताची मुळं जमिनीतच ठेवून, नांगरट न करता पुढचं पीक टोकतात. ती पद्धत पाऊसबहुल भागातली, पण मुळं जागेवर ठेवायचं तत्त्व आमच्या माळाला तितकंच लागू पडतं.

बाजरी कधी, किती, कशी

उलटा हिशेब करा. आर्द्रा लागते २१-२२ जूनला. तोवर बाजरी किमान चाळीस-पंचेचाळीस दिवसांची हवी. म्हणजे पेरणी ५ ते १० मेच्या दरम्यान. रोहिणीत पेरलेली बाजरी वारा सुटताना फक्त वीत-दीड वीत असते. ती स्वतःच झोडपली जाते, तिने माती काय धरायची. बाजरी फुकट गेली म्हणणाऱ्यांत निम्म्यांची चूक तारखेची निघते.

बी एकरी चार-पाच किलो, धान्याच्या बाजरीच्या तिप्पट. दाण्याच्या महागड्या संकरित बियाण्याची गरज नाही. घरचं किंवा चाऱ्याच्या वाणाचं चालतं. पाभरीने नऊ इंचांवर, दोन-तीन सेंटिमीटर खोल, आणि तासं (पेरणीच्या ओळी) दक्षिणोत्तर. वारा पश्चिमेकडून येतो, तासं त्याला आडवी हवीत. पूर्व-पश्चिम पेरलं तर दोन तासांमधून वाऱ्याला बोळ मिळतो आणि तो जास्तच जोरात वाहतो. उताराचं रान असेल तर मात्र सप्टेंबरच्या पाण्याचा विचार आधी करा, तासं उताराला आडवी ठेवा आणि वाऱ्यासाठी बांधावर शेवरी-सुबाभूळ लावा.

पाणी हा खरा अडसर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास चार हजार लिटर. मे-जूनमध्ये बाजरी पंचेचाळीस दिवस जगवायला शंभर-सव्वाशे मिलिमीटर, म्हणजे एकरी चार-पाच लाख लिटर लागतं. ज्याचं आवर्तन (योजनेच्या पाण्याची पाळी) वेळेवर येतं त्याने पूर्ण रान झाकावं. ज्याची विहीर मेमध्ये तासभरच चालते त्याने पट्टे धरावेत, सगळं अर्धंमुर्धं करू नये. पहिलं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी आंबवणी (दुसरं हलकं पाणी), मग आठ-दहा दिवसांच्या अंतराने. तुषार किंवा रेन पाईप असेल तर उत्तम. ठिबकवर पूर्ण रान पेरण्याचा हट्ट नको : दोन नळ्यांमधलं कोरडं राहतं, तिथे बी उगवत नाही, आणि त्या उघड्या पट्टीतूनच माती निघते.

ठिबक असेल तर पट्टे

बाजरीची चार तासं जवळजवळ, मग मोकळं रान, मग पुन्हा चार तासं. उभ्या पट्ट्याच्या आडोशाला त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो असं धरतात. मी आठपट धरतो. चार फूट बाजरी म्हणजे बत्तीस फुटांवर दुसरा पट्टा. गादीवाफे पाच फुटांचे असतील तर सहा वाफे सोडून सातव्यावर बाजरी. पट्टा बांधापासून बांधापर्यंत सलग हवा. मध्ये खिंड राहिली तर सगळा वारा तिथून घुसतो आणि तिथली रोपं आधी जातात. फार दाटही नको. भिंतीसारख्या घट्ट आडोशामागे वारा गिरक्या घेतो. थोडा वारा गाळून सोडणारा पट्टा लांबपर्यंत काम करतो.

कांदा करणाऱ्याला हे नवं वाटायला नको. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची फुलकिड्यांसाठी शिफारसच आहे की लागवडीच्या महिनाभर आधी कडेने मक्याच्या ओळी लावाव्यात. तीच ओळ पश्चिम बाजूला चार तासांची केली की एका कामात दोन कामं होतात.

लावणीच्या वेळी काय बिघडतं

जूनच्या शेवटी किंवा जुलैत मिरची-टोमॅटो लावायचंय आणि रानात कमरेएवढी बाजरी आहे. इथे लोक घाबरून रोटाव्हेटर घालतात आणि महिन्या-दीड महिन्याचं काम तासाभरात घालवतात. रोटाव्हेटर घालू नका. बाजरी वीतभर, आठ-नऊ इंचांवर कापा, वरचा चारा न्या. जिथे रोपं बसणार तेवढीच चार बोटांची रेघ खुरप्याने किंवा बैलाच्या एका फणाने मोकळी करा. बाकी धसकट जसंच्या तसं.

बाजरी पुन्हा फुटते, ही तक्रार खरी आहे. पोटरीत यायच्या आधी कापली तर जोरात फुटते, कणीस निसवताना कापली तर कमी. मी रोपांच्या रेघेलगतची धसकटं बुडातून खुरपतो आणि मधल्या पट्टीतले फुटवे पुन्हा एकदा चाऱ्याला कापतो. तणनाशकाचा विचार करणाऱ्यांनी लेबलवर पुढच्या पिकाचं नाव आहे का ते आधी वाचावं, नसेल तर हात लावू नये. दाणा मात्र भरू देऊ नका, पुढच्या वर्षी तेच तण होतं.

दुसरी तक्रार रोपं पिवळी पडण्याची. बाजरीचं काड कुजताना जमिनीतलं नत्र अडकवतं. पहिल्या तीन आठवड्यांत ठिबकमधून थोडं जास्त नत्र द्या, किंवा पेरतानाच बाजरीत एकरी पाच किलो ताग मिसळा. मी हल्ली दुसरा मार्ग धरतो.

रोपं बसवताना ती वाफ्याच्या माथ्यावर न लावता पूर्वेच्या उताराला, माथ्याच्या जरा खाली लावा. चार बोटांचा आडोसाही पहिल्या पंधरा दिवसांत खोड वाचवतो.

मेंढरं

हा विषय कोणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर. आमच्या भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात, कृष्णाकाठी उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. म्हणजे बरोबर वाऱ्याच्या वेळी. तेव्हा गावात हिरवं काय असतं? तुमची आच्छादनाची बाजरी. रात्रीत कळप शिरला तर धसकटही उरत नाही, आणि शेकडो खुरांखाली वळवाच्या पावसाने धरलेला जमिनीचा पापुद्रा चुरून पीठ होतं.

भांडून उपयोग नाही. ती माणसं आपलीच आहेत, आणि त्यांच्या लेंड्यांवर आपली रानं पिकलीत. मी पहिल्या वर्षी चिडलो होतो. दुसऱ्या वर्षी मेमध्येच मेंढपाळाकडे जाऊन बोललो. म्हटलं, “मामा, पश्चिमेकडचं रान आखाड संपेस्तोवर सोडा. वरचा चारा मी कापून तुमच्या कोकरांना देतो. मेंढरं खालच्या काळ्या रानात बसवा, तिथं मला रब्बीला खत हवंच हाय.” मामा म्हणाले, “आदी सांगितलं असतंस तर गेल्या सालीबी सोडलं असतं.” तेव्हापासून अडचण आली नाही. काळ्या रानाला ढेकळं असतात, तिथे खुरांनी तितकं नुकसान होत नाही. मेंढ्या बसवायची जागा आणि वेळ मेमध्ये ठरवा, जूनमध्ये बांधावर उभं राहून ठरवायला जाऊ नका.

पुरेसं झाकलंय का, हे मोजा

डोळ्याने अंदाज नेहमी जास्त येतो. उभं राहून तिरकं बघितलं की रान भरलेलं दिसतं. पन्नास फुटांची सुतळी घ्या, फुटाफुटावर गाठ मारा, पन्नास गाठी. रानात तासांना तिरकी ताणून ठेवा. सरळ गाठीवरून खाली बघा : त्या गाठीखाली काड, धसकट, पान आहे की उघडी माती? जितक्या गाठी काडावर पडल्या त्याची दुप्पट म्हणजे झाकलेलं टक्के. तीन ठिकाणी मोजून सरासरी धरा. तीस टक्क्यांच्या पुढे गेलात तर धुपेचा मोठा भाग थांबतो. हे आडव्या पडलेल्या काडाबद्दल. धसकट उभं असेल तर यापेक्षा कमीतही काम होतं. वीस टक्क्यांच्या आत असाल आणि वर काही उभंही नसेल, तर वाऱ्याआधी काहीतरी आणून टाका.

माझ्या रानात पहिल्या बाजरीच्या वर्षी सव्वीस टक्के भरलं. मला वाटत होतं पन्नास तरी असेल. पूर्व टोकाला ठिबकच्या दोन नळ्यांमध्ये बी उगवलंच नव्हतं, हे गाठी मोजताना कळलं.

यंदा उशीर झालाय, वारा सुटलाय

आता पेरून उपयोग नाही. जे करता येईल ते असं. उसाचं पाचट किंवा तूर-हरभऱ्याचा भुसा मिळाला तर पश्चिम बाजूच्या पहिल्या तीस-चाळीस फुटांवर पसरा आणि त्यावर फावड्याने मातीचे ठिपके टाका, नाहीतर पाचटच उडून जाईल. उड्या मारणाऱ्या कणांची साखळी तिथे सुरू होते, तिथेच तोडली तर पुढचं बरंच रान वाचतं. रानात ढेकूळ निघण्यासारखी चिकण माती असेल तर पाच-सहा फुटांवर नांगराची एकेक खोल तास दक्षिणोत्तर ओढा आणि त्यावर काहीही फिरवू नका. मुरमाड रानात हे करू नका, खालून आणखी भुगाच वर येतो. वळवाच्या पावसाने पापुद्रा धरला असेल तर कुळवाची पाळी घालायचा मोह टाळा.

रेन पाईप असेल तर पहाटे अर्धा तास चालवा. आमच्याकडे वारा दहा-अकराच्या सुमारास जोर धरतो आणि दिवस मावळताना जरा बसतो. पहाटेचा ओलावा दुपारपर्यंतच टिकतो, पण लावणीनंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत तेवढ्यानेही रोपं तगतात. लावणी अजून केली नसेल तर पुष्य संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत थांबता येतं का ते बघा. रोपवाटिकेला तसा निरोप आजच द्या, ट्रेमधली रोपं जास्त दिवस थांबत नाहीत. आणि पश्चिम बांधावर शेडनेटची एक जुनी पट्टी कंबरेएवढी बांधून टाका. पुढच्या मेपर्यंत तिची जागा बाजरीने घ्यायचीय, तेव्हा बियाण्याची पिशवी दिवाळीतच बाजूला काढून ठेवा.